लेसोथोला निघालेल्या डॉक्टरांस: नर्सला एचआयव्हीचे उपचार शिकवायचे म्हणजे काय करायचं

माझ्याकडे आलेला प्रश्न थोडक्यात असा: "मी दापोली तालुक्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात सहा वर्षं वैद्यकीय अधिकारी आहे. लेसोथोमधल्या (चारही बाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेला छोटा देश) डोंगराळ भागातल्या दवाखान्यांत परिचारिकांना एचआयव्ही उपचाराचं प्रशिक्षण देण्याच्या कामावर दोन वर्षांसाठी माझी निवड झाली आहे. आजवर मी एचआयव्हीचे तीस-चाळीस रुग्ण पाहिले असतील, तेही एआरटी (एचआयव्ही दाबून ठेवणारी औषधं) केंद्रात पाठवण्यापुरते. जिथे पाच माणसांमागे एकाला लागण आहे, तिथल्या नर्सला मी काय शिकवणार? तयारी काय करू?"

डॉक्टर, तुमची भीती रास्त आहे. पहिले सहा महिने ती नर्सच तुम्हाला शिकवेल, आणि त्यात कमीपणा वाटून घेऊ नका. मी मूळची मालवणची. १९९८ पासून चौदा-पंधरा वर्षं कोकणातल्या सरकारी रुग्णालयांत फिजिशियन म्हणून काढली आणि २०१३ ते २०१७ लेसोथोत तुमच्यासारख्याच कामावर होते. जाताना माझ्या बॅगेत अडीचशे स्लाइड्स होत्या. परत येताना त्यांतल्या अकरा उरल्या होत्या.

आधी आकड्यांचा अंदाज घ्या, म्हणजे बाकीचं नीट कळेल. भारतात प्रौढांमधलं लागणीचं प्रमाण ०.२ टक्क्याच्या आसपास आहे, हजारात दोन. लेसोथोत २०२० च्या सर्वेक्षणात १५ वर्षांवरच्या लोकांत ते २२.७ टक्के निघालं. सहा हजार वस्तीचा एक दवाखाना धरा. त्यात प्रौढ साधारण साडेतीन हजार, आणि त्यांतले सात-आठशे आयुष्यभर गोळ्या घेणारे. हे सगळे दोन किंवा तीन नर्स सांभाळतात, आणि शिवाय बाळंतपणं, लसीकरण, मधुमेह, खरूज, कुऱ्हाडीचे घाव सगळं त्याच बघतात. डॉक्टर महिन्यातून एखाद्या दिवशी येतो. रस्ता बर्फाने बंद असला तर तेवढाही येत नाही. आपल्याकडे एचआयव्हीच्या रुग्णाला "पुढे पाठवायचं" असतं. तिथे पुढे कोणी नाही. नर्सच तपासते, तीच गोळ्या सुरू करते, क्षयरोग तीच शोधते आणि औषध लागू पडत नाही हेही तीच ओळखते.

आपल्याकडून जाणाऱ्या डॉक्टरला हा पहिला धक्का बसतो. मलाही बसला. नर्सने एआरटी सुरू करायची? आपल्या शिक्षणात ते बसत नाही. पण हा प्रयोग आता जुना झाला आहे. दक्षिण आफ्रिकेने २०१० पासून प्राथमिक दवाखान्यांतल्या नर्सना उपचार सुरू करण्याचे अधिकार देशभर दिले, आणि त्याच सुमारास तिथे झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत नर्सच्या हाताखालचे रुग्ण डॉक्टरांच्या हाताखालच्या रुग्णांपेक्षा वाईट निघाले नाहीत. लेसोथोत तर हे त्याही आधीपासून, २००६ च्या सुमारापासून, ग्रामीण भागात चाललं होतं. वाद घालण्यात वेळ घालवू नका. नर्सला ते जमतं. आपण फक्त तिला ते आणखी चांगलं जमावं म्हणून जायचं.

हे सगळं शक्य झालं ते उपचार सोपा केल्यामुळे. २००० साली या औषधांचा खर्च माणशी वर्षाला दहा-पंधरा हजार डॉलर होता. फेब्रुवारी २००१ मध्ये आपल्या मुंबईच्या सिप्लाचे युसुफ हमीद यांनी तीच तीन औषधं वर्षाला ३५० डॉलरमध्ये, म्हणजे दिवसाला एका डॉलरपेक्षा कमीत, देऊ केली. औषध स्वस्त झालं, पण ते देणार कोण? २००४ मध्ये मलावीत मोफत उपचार मोठ्या प्रमाणावर सुरू झाले तेव्हा देशात डॉक्टर फारच थोडे होते आणि सीडी-४ (शरीराच्या रोगाशी लढणाऱ्या पेशी) मोजायची यंत्रं तर त्याहून कमी. म्हणून अँथनी हॅरिस आणि त्यांच्या मलावीतल्या सहकाऱ्यांनी क्षयरोगाच्या डॉट्स कार्यक्रमाची घडी उचलली: सगळ्यांना एकच ठरलेली औषधयोजना, एकसारखं कार्ड, एकसारखं रजिस्टर, आणि दर तिमाहीला प्रत्येक केंद्रावर जाऊन रजिस्टर आणि गोळ्यांचा साठा मोजणारं पथक. गरोदर बाईची सीडी-४ चाचणी होत नाही म्हणून तिचा उपचार अडतो, हे बघून त्याच मलावीने २०११ मध्ये ठरवलं की प्रत्येक लागण झालेल्या गरोदर व स्तनदा मातेला चाचणीची वाट न बघता आयुष्यभराची औषधं द्यायची. पुढे जगाने तेच धोरण उचललं. यंत्र नसण्यातून निघालेला मार्ग यंत्रवाल्यांनीही स्वीकारला, ही गोष्ट मला अजून आवडते.

आता शिकवण्याकडे येते. माझी पहिली चूक सांगते, म्हणजे तुमची वाचेल.

गेल्यावर दुसऱ्याच महिन्यात मी राजधानी मासेरूच्या एका हॉटेलात पाच दिवसांचं ट्रेनिंग घेतलं. चोवीस नर्स, दोन वेळचा चहा, भत्ता, शेवटी प्रमाणपत्र. सुरुवातीच्या परीक्षेत सरासरी ५२ गुण, शेवटच्या परीक्षेत ८८. मी खूश. तीन महिन्यांनी त्यांतल्या एका नर्सच्या दवाखान्यात गेले. दोन तास घाटरस्ता, वर पत्र्याचा दवाखाना. माझी फाइल तिच्या कपाटात, प्लास्टिकच्या पिशवीत, जशीच्या तशी होती. त्या तीन महिन्यांत तिने एकाही लहान मुलाला औषध सुरू केलं नव्हतं. परीक्षेत लहान मुलांच्या मात्रेचं गणित तिने अचूक सोडवलं होतं.

का केलं नाहीस, असं विचारलं असतं तर ती गप्पच बसली असती. म्हणून मी तिच्या टेबलाशेजारी खुर्ची टाकून दिवसभर बसले. दुपारी एक आजी नातवाला घेऊन आली. मूल अकरा महिन्यांचं, रिपोर्ट पॉझिटिव्ह. तेव्हा लहान मुलांसाठी कडू सिरप होतं, ते थंड ठेवावं लागे. दवाखान्यातला गॅसवरचा फ्रीज दोन महिने बंद, आणि सिरप मोजायच्या पिचकाऱ्या संपलेल्या. त्याखेरीज तिच्या मनात एक भीती होती, ती संध्याकाळी चहा घेताना बाहेर आली: "मूल दगावलं तर गाव म्हणेल, सिस्टरच्या औषधाने गेलं." यातलं एकही कारण माझ्या स्लाइडवर नव्हतं. फ्रीजसाठी तीन फोन केले, पिचकाऱ्या जिल्ह्याच्या भांडारातून आणल्या, आणि पुढची चार मुलं तिने माझ्या शेजारी बसून सुरू केली. पाचव्याला मी नव्हते.

तेव्हापासून मी हॉटेल सोडलं. हॉलमध्ये शिकवायचं ते दोन दिवसांत आटोपा: औषधांची नावं, मात्रा, तक्ते. खरं शिकवणं दवाखान्यात, नर्सच्या शेजारच्या खुर्चीवर होतं. शेजारच्या म्हणते, समोरच्या नव्हे. समोर बसलात की तुम्ही तपासनीस होता आणि रुग्णही तुमच्याकडेच बघून बोलू लागतो. शेजारी बसलात की रुग्ण तिचाच राहतो. तिचं काही चुकलं तर रुग्णासमोर बोलू नका, औषधाने थेट इजा होणार असेल तेवढाच अपवाद. रुग्ण बाहेर गेला की "हे मला समजावून सांगाल का, मी वेगळं वाचलं होतं" असं विचारा. बहुतेक वेळा ती स्वतःच पकडते. कधीकधी तिचंच बरोबर निघतं. माझ्या बाबतीत पहिल्या वर्षात बऱ्याचदा निघालं.

आणि "कळलं का?" हा प्रश्न विचारायचं बंद करा. कोकणात आपल्या एएनएमला, म्हणजे उपकेंद्राच्या परिचारिकेला, विचारलं तर ती काय म्हणते? "हो मॅडम." एकीने मला वर्षभराने कबूल केलं होतं, "माका कळला नाय, पण तुमका वायट वाटात म्हणान हो म्हटलंय." बासोथो, म्हणजे लेसोथोचे लोक, आपल्याइतकेच मोठ्यांचा मान राखणारे. मोठ्या बाईला "मे", पुरुषाला "न्ताते", बरोबरीच्या मुलीला "आउसी" म्हणतात, आणि पाहुण्याला नाही म्हणत नाहीत. त्यामुळे विचारायचं असेल तर असं विचारा: कालच्या ओपीडीतल्या तीन बुकाना काढा. बुकाना म्हणजे रुग्णाने स्वतःजवळ ठेवायची आरोग्याची वही. दवाखाना बदलला तरी वही त्याच्यासोबत जाते. फारच शहाणी पद्धत, आपल्याकडच्या भिजलेल्या केसपेपरपेक्षा कितीतरी बरी. पण रुग्ण ती घेऊन जातो म्हणून आदल्या दिवशीच नर्सला सांगून ठेवा, तीन अवघड रुग्णांच्या वह्यांतली नोंद उतरवून घ्यायला. त्या तीन रुग्णांवर अर्धा तास बोला. महिन्यातून दोनदा असे अर्धे तास मिळाले तर पाच दिवसांच्या हॉटेलची गरज उरत नाही.

काय शिकवायचं हेही तुम्ही विचारलंत. तुम्हाला वाटतं त्यापेक्षा ते कमी आहे. आजची मुख्य गोळी एकच, टीएलडी: टेनोफोव्हिर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्हुडिन ३०० आणि डोल्युटेग्राव्हिर ५०, दिवसातून एकदा. मी होते तेव्हा डोल्युटेग्राव्हिरच्या जागी एफाव्हिरेन्झ होतं, रात्री भयानक स्वप्नं पडायची आणि लोक गोळी लपवायचे. आता तो त्रास गेला. लहान मुलांसाठीही पाण्यात विरघळणारी १० मिलिग्रॅमची गोळी आली आहे आणि २० किलोंपासून मोठ्यांचीच ५० मिलिग्रॅमची गोळी चालते, म्हणजे फ्रीज आणि पिचकारीचं माझं रडगाणं तुमच्या वाट्याला येणार नाही. वजनाच्या पट्ट्यांचा तक्ता भिंतीवर लावा आणि वजनकाटा चालतो का ते मात्र बघा.

मरण कशाने येतं ते शिकवण्यावर वेळ घाला. माणसं एचआयव्हीने मरत नाहीत, क्षयाने आणि बुरशीच्या मेंदूज्वराने मरतात. लेसोथोत क्षयरोगाचं प्रमाण जगातल्या सर्वांत जास्त असलेल्या देशांइतकं आहे. खोकला, ताप, वजन घटणं, रात्री घाम या चार गोष्टी प्रत्येक भेटीत विचारल्या जातात का, हे वहीत बघा. सगळीकडे "नाही, नाही, नाही, नाही" एकाच हाताने, एकाच दमात लिहिलेलं दिसलं तर समजा की विचारलेलं नाही. एचआयव्हीच्या उपचारावर असलेल्या क्षयरुग्णाला रिफॅम्पिसिन हे क्षयाचं औषध चालू असेल तर डोल्युटेग्राव्हिर दिवसातून दोनदा लागतं. ही जादा गोळी विसरणं ही मी ऐकलेली सर्वांत नेहमीची चूक. गरोदर बाईला लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या उपाशीपोटी याच गोळीबरोबर दिल्या तर औषध नीट शोषलं जात नाही. जेवणाबरोबर एकत्र घेतल्या तर चालतं. आणि जो नवा किंवा औषध सोडून परत आलेला रुग्ण अगदी खंगलेला दिसतो, त्याचं सीडी-४ २०० च्या खाली असेल तर त्याच्या रक्तात क्रिप्टोकोकसची, म्हणजे त्या मेंदूज्वराच्या बुरशीची, आणि लघवीत क्षयाची तपासणी त्याच दिवशी व्हायला हवी. "पुढच्या भेटीला बघू" असं म्हटलेले कितीतरी रुग्ण पुढच्या भेटीला आलेच नाहीत.

व्हायरल लोडबद्दल, म्हणजे रक्तातल्या विषाणूंच्या मोजणीबद्दल, एक प्रसंग. एका दवाखान्यात मला सांगितलं गेलं की नर्सना जास्त व्हायरल लोडचं काय करायचं ते कळत नाही, ट्रेनिंग द्या. गेले. खणात व्हायरल लोडचे चाळीस-एक रिपोर्ट न उघडलेल्या पाकिटांत पडले होते. तिघींपैकी प्रत्येकीला व्यवस्थित माहीत होतं: हजाराच्या वर गेलं तर गोळ्या कशा घेतो ते बसून विचारायचं, समुपदेशन करायचं, तीन महिन्यांनी परत तपासायचं. पाकिटं उघडायचं काम कोणाचं, हे मात्र ठरलेलं नव्हतं. मी एक शब्दही शिकवला नाही. दर मंगळवारी डाटा क्लार्कने पाकिटं उघडायची आणि हजाराच्या वरच्या रिपोर्टवर लाल चिकटपट्टी लावून ते नर्सच्या टेबलावर ठेवायचे, एवढं ठरलं. कोणी "क्षमता वाढवायची आहे" म्हणालं की मी आधी खण उघडून बघते.

आता जे कोणत्याही पुस्तकात तुम्हाला कोणी ठळक करून सांगणार नाही ते. पाचातल्या एका प्रौढाला लागण आहे म्हणजे तुमच्या वर्गातल्या वीस नर्सपैकी चौघी स्वतः गोळ्या घेत असतील. कदाचित जास्त. त्यामुळे "हे पेशंट", "अशा लोकांना" असलं बोलणं जिभेवरून काढून टाका. मी कोकणातून गेले होते. २००० च्या आगेमागे आमच्या एका तालुक्याच्या रुग्णालयात लागण झालेल्या, बाळंतपणाला आलेल्या बाईला कोणी हात लावेना, केसपेपरवर लाल शाईने मोठी खूण करून तिला रात्री सिव्हिलला पाठवलं आणि ती रुग्णवाहिकेत बाळंत झाली. माझ्याच सहकाऱ्यांनी हे केलं होतं. त्या काळी मी हातमोज्यांवर, सुईच्या टोचणीवर व्याख्यानं द्यायची: एचआयव्ही असलेल्या रक्ताची सुई टोचली तर हजारात तिघांना लागण होते, हिपॅटायटिस बीची त्याहून कितीतरी अधिक, ७२ तासांच्या आत औषधं सुरू करा आणि २८ दिवस घ्या. तीच व्याख्यानं मी लेसोथोत दिली आणि मागच्या बाकावरची एक वयस्क सिस्टर शांतपणे म्हणाली, "मे, आम्ही सुईला घाबरत नाही. आम्ही जिल्ह्याच्या दवाखान्याच्या खिडकीला घाबरतो, तिथे आम्हाला रांगेत उभं राहून गोळ्या घ्याव्या लागतात." स्वतःच्या दवाखान्यातून घेतल्या तर सहकारी बघणार, दुसरीकडे घेतल्या तर रुग्ण बघणार. त्या वर्षी आम्ही एकच काम जास्त केलं: आरोग्य कर्मचाऱ्यांना कामाची वेळ संपल्यावर, रजिस्टरमध्ये नाव न टाकता, नुसत्या क्रमांकावर औषध मिळेल अशी सोय. वर्गात यायला नाखूश असणाऱ्या दोघी त्यानंतर सगळ्यांत आधी येऊ लागल्या. कारण मी विचारलं नाही.

मलावीत, झांबियात २००० च्या सुरुवातीला नर्स कमी पडायचं मोठं कारण त्या परदेशी जात होत्या हे तर होतंच, पण त्या एड्सने मरतही होत्या. म्हणून कोणाला टिकवायचं हा प्रश्न कोणाला शिकवायचं याच्या आधीचा आहे. मलावीने २००४-०५ च्या सुमारास आरोग्य कर्मचाऱ्यांचे पगार ५२ टक्क्यांनी वाढवले ते उगाच नव्हे. लेसोथोची नर्स सीमा ओलांडून दक्षिण आफ्रिकेत गेली की तिचा पगार कितीतरी वाढतो, आणि सीमा चारही बाजूंना आहे. आपल्या आरोग्य केंद्रातले बंधपत्रित डॉक्टर वर्ष संपलं की कसे मुंबईच्या गाडीत बसतात, ते तुम्ही पाहिलंच आहे. म्हणून एकटीला कधीच शिकवू नका. दवाखान्यातल्या दोघींना एकत्र शिकवा, आणि तिसरी येईल तिला पहिल्या दोघींनी शिकवायचं हे आधीच ठरवा.

आता चाकरमान्यांचं. हा विषय तुम्हाला तिथल्या कोणाही परदेशी डॉक्टरापेक्षा आधी कळेल. लेसोथोचे पुरुष पिढ्यान्‌पिढ्या दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींत गेले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस अशांची संख्या लाखावर होती. गावात बाया, म्हातारे आणि मनिऑर्डर. माझ्या आजोळची आळी आठवा हवी तर. नवरा गिरणगावात, बायको मालवणात, भेट गणपतीला आणि शिमग्याला. तिथे नाताळ आणि ईस्टर. खाणी घटल्या, पण माणसं बांधकामावर, शेतांवर, घरकामाला अजून जातात, बायाही जातात. लागण याच रस्त्यांनी पसरली आणि औषधंही याच रस्त्यांवर सुटतात. दवाखान्याच्या रजिस्टरमध्ये "हरवलेला" म्हणून लाल शेरा मारलेल्या रुग्णांचा आम्ही एकदा माग काढला. त्यातले बरेच जोहान्सबर्गजवळच्या दुसऱ्या दवाखान्यातून बिनबोभाट गोळ्या घेत होते. काहींनी मात्र सोडल्याच होत्या, कारण महिन्याभराच्याच गोळ्या मिळत आणि घ्यायला येण्यापुरती सुटी मिळत नसे.

यावर नर्सला शिकवायचं ते वैद्यकाचं नाहीच. नाताळात माणूस घरी आला की त्याला त्याच भेटीत तीन किंवा सहा महिन्यांच्या गोळ्या द्यायच्या, व्हायरल लोड त्याच दिवशी घ्यायचा, आणि बुकानात बदलीची नोंद आधीच करून ठेवायची. त्यासाठी ऑक्टोबरातच जादा साठा मागवावा लागतो. एका दवाखान्यातल्या नर्सने डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात टॅक्सीच्या थांब्यावर टेबल टाकलं, तेव्हा मी तिला गणपतीतल्या आपल्या एसटी स्टँडांची गोष्ट सांगितली होती. २००४ च्या एप्रिलात भारतात मोफत एआरटी सुरू झालं तेव्हा महाराष्ट्रात ते मुंबईत होतं, आणि आमचे रुग्ण कोकण रेल्वेने रात्रभर प्रवास करून गोळ्या आणायचे. गणपतीत गाड्या भरलेल्या, आणि नेमका त्याच महिन्यात खंड पडायचा. हे दुखणं तिला एका वाक्यात कळलं.

लोकांनीच लोकांना धरून ठेवणं हे तिथून शिकण्यासारखं आहे. मोझांबिकच्या तेते प्रांतात २००८ पासून सहा-सहा रुग्णांचे गट झाले. दर महिन्याला एकजण जाऊन सगळ्यांच्या गोळ्या आणतो, म्हणजे प्रत्येकाची दवाखान्याची फेरी सहा महिन्यांनी येते आणि तेव्हाच त्याची तपासणी होते. बचत गटाची रीत बघितलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. लेसोथोतही गावच्या आरोग्यसेविका आहेत, आपल्या आशांसारख्या, आणि आपल्या आशांसारखंच त्यांचं मानधन वेळेवर येत नाही. नर्सच्या ट्रेनिंगवर जितके पैसे जातात त्यातला काही भाग यांच्या मानधनावर घाला, असं मी प्रत्येक बैठकीत म्हणायचे. फारसं कोणी ऐकलं नाही.

तुम्ही जाताय तो काळ माझ्या काळापेक्षा कठीण आहे. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत एकाएकी थांबवली, आणि लेसोथोत त्या पैशांवर नेमलेल्या नर्स, समुपदेशक, डाटा क्लार्क घरी बसले. आम्ही केलेली एक चूक त्यात उघडी पडली: आम्ही चांगल्या माणसांना प्रकल्पाच्या पगारावर घेत होतो, कारण ते लवकर व्हायचं. पाकिटं उघडणारा तो डाटा क्लार्क प्रकल्पाचा होता. तुम्ही काहीही बसवाल ते सरकारी पगारावरच्या माणसाच्या हातात बसवा, मग ते हळू का होईना. तुमचा प्रकल्प उद्या बंद झाला तर पाकिटं कोण उघडेल, हे प्रत्येक दवाखान्यात एका कागदावर लिहून ठेवा.

परत आल्यावर हे सगळं जसंच्या तसं कोकणात आणायचा मोह होईल. मलाही झाला होता. आपल्याकडच्या उपकेंद्रातल्या सीएचओला, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला, वर्षातून एखादा नवा रुग्ण दिसतो. तिला टीएलडी सुरू करायला शिकवलं तर पुढच्या वर्षापर्यंत ती विसरेल, आणि विसरणारच. इथे सगळ्यांना सगळं शिकवण्यापेक्षा तालुक्याला एक माणूस पक्का तयार करावा आणि बाकीच्यांना त्याचा फोन नंबर पाठ असावा. मिरकरवाड्याच्या बंदरावर नेपाळी खलाशी, आंब्याच्या बागांत राखणीला आलेले गडी, त्यांच्या भाषेत बोलणारा माणूस, हा आपला प्रश्न आहे. तो वेगळा, कधीतरी निवांत बोलू.

तयारी म्हणाल तर निघण्याआधी चार आठवडे रत्नागिरीच्या एआरटी केंद्रात जाऊन बसा. डॉक्टरांकडे दोन दिवस पुरे. बाकीचे दिवस समुपदेशकाजवळ आणि औषधाच्या खिडकीच्या आत बसा. गोळ्या मोजणारा माणूस रुग्णाला पाहताच ओळखतो की यानं मधले दहा दिवस खाल्ल्या नाहीत. तसं बघायला शिका. तिथल्या सेसोथो भाषेत निदान "डुमेला" म्हणून नमस्कार करायला आणि वय, खोकला, घाम विचारायला शिकून जा. पोचल्यावर पहिले दोन आठवडे काहीही शिकवू नका, नुसतं बसा आणि मोजा: किती रुग्ण, कोण कुठे थांबतो, नर्स सकाळी पहिला अर्धा तास काय शोधत असते. माझ्या एका दवाखान्यात ती कपाटाची किल्ली शोधत असायची.

जूनमध्ये पोचणार असाल तर तिथे ऐन हिवाळा असतो. डोंगरात बर्फ पडतो आणि पॅराफिनची शेगडी तापेपर्यंत स्टेथोस्कोप तळहातात चोळून मगच रुग्णाच्या छातीला लावावा लागतो. स्वेटर इथूनच न्या. ब्लँकेट मात्र तिथलं घ्या, बासोथो बाया अंगावर पांघरतात तसलं. पहिल्याच आठवड्यात ते पांघरून दवाखान्यात गेलात की निम्मी ओळख तिथेच होते.